आधी वुकोमानचं

लढाईच्या तिसऱ्या हाकेला गेलेल्या माणसांना सरकारनं कपडे दिले नाहीत. पहिल्या हाकेला कोवळी पोरं गेली, त्यांना गणवेश मिळाला. दुसऱ्या हाकेला लेकुरवाळे गेले, त्यांना निदान डगला तरी मिळाला. जुलैअखेर दुबावा गावच्या खळ्यावर दवंडीवाला ढोल बडवायला लागला, तेव्हा गावात उरले होते ते चाळिशी ओलांडलेले, उठता-बसता गुडघा धरणारे बाप्ये. त्यांना मिळाली एका वेळी एकच गोळी खाणारी जुनाट बंदूक आणि टोपीला लावायला पितळेचा बिल्ला. अंगातली लोकरीची बंडी घरची, पायातल्या चामडी वहाणा घरच्या, पिशवीतली मक्याची भाकरी घरची. ज्याच्याकडं बैल होता त्यानं बैलही घरचाच आणायचा होता.

ओब्रेनकडं एक बैल होता आणि ओढ्यापलीकडच्या वुकोमानकडं एक. एका बैलानं नांगर चालत नाही, म्हणून दोघांची अठरा वर्षं सावड. ओब्रेनचा शारोन्या डावीकडं, वुकोमानचा रुमेन्या उजवीकडं. बाजू बदलली की दोन्ही बैल रुसून जागच्या जागी उभे राहत. वुकोमानच्या दोन्ही पोरींना बाप्तिस्म्याच्या पाण्यातून ओब्रेननंच वर उचललेलं, म्हणजे तो त्या घराचा कूम. आमच्याकडं भावाशी भांडता येतं, कूमाशी येत नाही.

तर शेतावर जायचे तसेच हे दोघे लढाईवर गेले. दोन माणसं, दोन बैल, एक गाडी. गाडीत मात्र शेणखताऐवजी तोफेच्या गोळ्यांच्या पेट्या.

नोव्हेंबरात आमचं सैन्य मागं हटायला लागलं. वरून पाऊस, खाली चिखल, आणि त्या चिखलात कुणाची वहाण रुतली तर माणूस ती सोडून अनवाणी पुढं जायचा. ऑस्ट्रियाची माणसं, त्यांना आम्ही श्वाबाच म्हणतो, दोन डोंगर मागं होती. एका चढावर गाडीचा आख कडकन मोडला. पेट्या उतरवून रस्त्याच्या कडेला रचल्या, गाडी आडवी झाली, बैल सुटे झाले.

हवालदार आला, त्यानं आख पाहिला आणि मिशीवरचं पाणी पुसलं. "चार दिवस लागतील," तो म्हणाला. "लोहार एकच हाय आन् मोडक्या गाड्या अकरा. तुमचं गाव कुठलं?"

"दुबावा," वुकोमान म्हणाला. "इथनं चार तासांवर."

"बैल हितं उभं राहून पेंढा खाणार, त्यापरीस घरचा खाऊ दे. दोघातला एक जा, बैल घेऊन. चौथ्या दिशी दुपारपर्यंत माघारी. दुसरा हितं जामीन राहील. गेलेला आला न्हाई तर राहिलेल्याला पंचवीस फटके, म्या सोता मोजून."

हवालदार पुढच्या गाडीकडं गेला.  दोघांच्याही डोक्यात एकच गोष्ट होती, गव्हाची पेरणी. ऑक्टोबरात व्हायची ती नोव्हेंबर अर्धा सरला तरी झाली नव्हती. बैल लढाईवर, बाप्ये लढाईवर, बायका कुदळीनं किती उकरणार?

"तू जा," वुकोमान म्हणाला.

"तूच जा की. तुझ्या घरी बाप्या न्हाई. माझा म्हातारा तरी हाय."

"माझा गुडघा बघ." वुकोमाननं पाय पुढं केला. गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. "नांगरामागं दोन तास चाललो तर तिसऱ्याला मला उचलून आणावं लागंल. तू जा. फकस्त एक कर. आधी माजं नांगर, मग तुजं. स्तामेनाला कुणी न्हाई. दोन बारक्या पोरी. गेल्या सालचा गहू फेब्रुवारीपर्यंत पुरंल म्हण."

"हे सांगायला लागतंय व्हय?" ओब्रेन म्हणाला. आणि ते त्याच्या मनातलं होतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

दुबावा दिसलं तेव्हा ऊन कलत आलं होतं. ओढ्याच्या अलीकडं ओब्रेनचं घर, पलीकडच्या चढावर वुकोमानचं. बैल नेहमीच्या वाटेनं ओब्रेनच्या दारात शिरले. पेर्सा, त्याची बायको, चुलीपुढून धावत आली आणि काही न बोलता त्याच्या चिखलानं भरलेल्या बाह्या धरून उभी राहिली. म्हातारा मिलेंती मात्र आधी बैलांकडं गेला, त्यांच्या मानेवरून हात फिरवला.

"किती दिवस?"

"उद्या आन् परवा नांगर. तेरवा सकाळी निघायचं."

"दोन दिवस म्हंजे आपलं सगळं होतंय. खालचं उद्या, वरचा पट्टा परवा."

"आधी वुकोमानचं करायचंय, बाबा. शब्द दिलाय."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "त्याचं कर की. कोण नको म्हणतंय? पण नांगर हितं, बैल हितं, बियाणं हितं. उद्या सकाळी ते घेऊन पलीकडं जायचं, परत आणायचं, त्यात अर्धा दिस जातोय. उद्या आपलं खालचं उरकून घे. परवा दिवसभर त्याचं."

हिशेब तर बरोबर होता. ओब्रेन गप्प बसला. गप्प बसला म्हणजे कबूल झाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं आपलं खालचं शेत धरलं. जमीन ओली, जड. फाळ पुढं सरकण्याऐवजी चिखलाचा गोळा ओढायचा. दर दहा पावलांवर थांबून काठीनं माती खरवडायची. दुपारी स्तामेना ओढा ओलांडून बांधावर आली. उंच, हाडकुळी बाई. थोरली रुझा बरोबर होती.

"कूम, आमचा माणूस बरा हाय न्हवं?"

"बरा हाय. गुडघा तेवढा दुखतोय."

"काय म्हणत होता?"

आधी तुझं शेत नांगर, असं म्हणत होता. हे वाक्य ओब्रेनच्या जिभेवर आलं आणि त्यानं ते गिळलं. "पोरींची आठवण काढत होता. उद्या तुमचं नांगरतो, वहिनी. बियाणं काढून ठेव."

"काढलंय," ती म्हणाली. "दगडबी वेचलेत."

तिसरा प्रहर झाला तेव्हा उत्तरेकडनं वारा सुटला, आणि पाऊस थांबला. थंडीचा वारा. म्हातारा अंगणात उभा राहून आभाळ हुंगत होता.

सकाळी आभाळ शिशासारखं होतं. ओब्रेननं बैल जुंपले, नांगर ओढत न्यायच्या फळीवर टाकला आणि ओढ्याच्या दिशेनं तोंड केलं. म्हातारा वाटेत उभा राहिला.

"दुपारपर्यंत बर्फ येतोय. वरचा पट्टा राहिला तर आपल्याला निम्माच गहू. पेर्सा पोटुशी हाय, तुला म्हाईत नसंल."

ओब्रेनला खरंच माहीत नव्हतं. त्यानं बायकोकडं पाहिलं. ती पदरानं हात पुसत होती.

"वरचा पट्टा दोन तासांचा," म्हातारा म्हणाला. "तो कर आन् जा. दोन तासानं त्याचं शेत कुठं पळून जात न्हाई."

दोन तासांचा तो पट्टा चार तासांचा झाला. पट्ट्यावरून पलीकडचा चढ सगळा दिसतो. स्तामेना पाठीवर बियाण्याची पिशवी घेऊन आपल्या शेताच्या डोक्याशी उभी होती. दोन्ही पोरी तिच्याजवळ दगडावर बसल्या होत्या. ओब्रेन प्रत्येक फेरीला वळताना त्या तिघींना बघायचा आणि पुन्हा मान खाली घालून फाळाकडं बघायचा. पुढच्या वळणावर जाऊ, पुढच्या वळणावर नक्की जाऊ. पण पट्टा संपत आला होता, आणि संपत आलेलं काम सोडवत नाही. हा माणसाचा स्वभाव म्हणा, नाहीतर लबाडी म्हणा. ओब्रेन नंतर त्याला लबाडीच म्हणत असे.

दुपारी बर्फ आला. आधी पातळ, मग असा दाट की पलीकडचा चढ दिसेनासा झाला. तिन्हीसांजेला जमीन गोठून लाकडासारखी वाजायला लागली.

निघायच्या सकाळी तो बैल घेऊन स्तामेनाच्या दारावरून गेला. खालची वाट बर्फानं बुजली होती, दुसरी वाटच नव्हती. ती बाहेर आली, तिच्या हातात लोकरीच्या मोज्यांची जोडी होती.

"त्याला द्या."

"वहिनी, बर्फ..."

"म्या बघितला न्हाई व्हय बर्फ?" ती म्हणाली आणि आत गेली.

तो पोचला तेव्हा गाडीचा आख बसला होता, उरलेल्या पेट्या चढवल्या होत्या. पण मधल्या तीन दिवसांत श्वाबा एक डोंगर पुढं सरकले होते आणि तोफखान्याला गोळे हवे होते. बैल जागेवर नव्हते, म्हणून निम्म्या पेट्या माणसांनी पाठीवरून नेल्या होत्या. वुकोमाननंही नेल्या होत्या. तो गाडीखाली पालथा पडला होता, बंडी काढून. दोन्ही खांद्यांची सालटं गेली होती. लोकर जखमेला चिकटली होती ती पाण्यानं भिजवून सोडवत होता.

"आलास? शेत?"

ओब्रेननं मोजे पुढं केले. वुकोमाननं ते गालाला लावले आणि परत विचारलं, "शेत झालं?"

त्या खांद्यांकडं बघून ओब्रेनच्या तोंडातून खरं निघेना. "झालं."

"आधी माजं?"

"आधी तुजं."

वुकोमाननं डोळे मिटले. इतका दमलेला चेहरा असा सैल होताना ओब्रेननं पूर्वी पाहिला नव्हता. "खालच्या कोपऱ्यात खडक हाय. फाळ लागला न्हाई न्हवं?"

"उचलून घेतला."

"मला म्हाईत हाय तुजा हात. दुसऱ्या कुणावर सोडलं नसतं म्या." थोड्या वेळानं तो म्हणाला, "मग तुझं राहिलं असंल, बर्फ आला म्हंजे?"

"थोडं राहिलं," ओब्रेन म्हणाला.

"वाईट वाटून घेऊ नगं. माझ्यातला गहू अर्धा तुजा."

यापुढं ओब्रेनला ऐकवेना. तो बैलांना पाणी दाखवायच्या निमित्तानं उठला आणि ओढ्यावर जाऊन बराच वेळ उभा राहिला. बैलांनी पाणी पिऊन झालं तरी उभाच.

डिसेंबरात वारं फिरलं. आमच्या सैन्यानं उलटा मार दिला आणि श्वाबा नदीपलीकडं पळाले. जाताना त्यांनी वाटेतली घरं जाळली आणि आपले आजारी मागं टाकले. त्या आजाऱ्यांच्या अंगावर उवा होत्या आणि उवांत ताप होता, पण हे तेव्हा कुणाला ठाऊक?

नाताळच्या आधी हवालदारानं सुट्टीची यादी वाचली. पाच दिवस, दर गाडीमागं एक माणूस. या खेपेला नाव वुकोमानचं होतं. त्यानं लगोलग मोजे बदलले, दाढी करून घेतली, हसत हसत रुमेन्याच्या कानात काहीतरी सांगितलं. आणि मग त्याची नजर त्रिफुनवर गेली.

त्रिफुन त्यांच्याच टोळीतला, दुबावाच्या खालच्या वाडीचा. त्याच्या गाडीमागची पाळी दुसऱ्याची होती. दोन दिवसांपूर्वी त्याला निरोप आला होता की घर जळालं, बायको दोन लेकरं घेऊन मेंढरांच्या कोंडवाड्यात झोपते. तो गाडीच्या दांडीला टेकून बसला होता, वुकोमानच्या गुळगुळीत गालांकडं बघत.

वुकोमान हवालदाराकडं गेला. परत आला तेव्हा सुट्टी त्रिफुनच्या नावावर झाली होती आणि त्रिफुन पिशवी भरत होता.

"हे काय केलंस?" ओब्रेननं विचारलं.

"माझ्या घरावर छप्पर हाय. शेत पेरलेलं हाय. त्याचं काहीच न्हाई. मला घरी जाऊन नाताळचा ओंडका चुलीत पेटवायला लाज वाटली असती."

"तू जा, वुकोमान. पोरी वाट बघत असतील."

"पेरलेलं नसतं तर गेलो असतो बघ. कुणाला इचारलं नसतं. बर्फ फावड्यानं सारून कुदळीनं उकरलं असतं." तो पुन्हा जुनी बंडी अंगात चढवायला लागला. "पुढच्या खेपेला जाईन."

एक वाक्य पुरेसं होतं. तुझं शेत तसंच पडलंय, एवढं म्हटलं असतं की वुकोमान पिशवी हिसकावून घेऊन वाटेला लागला असता. त्यानं मारलं असतं, तोंडावर थुंकला असता, पण घरी गेला असता. त्रिफुन चढ चढून वळणाआड जाईपर्यंत ओब्रेनला बोलायला वेळ होता. त्रिफुन काही घाईत चालत नव्हता. ओब्रेन शारोन्याच्या पाठीवरचा वाळलेला चिखल नखानं काढत राहिला.

त्रिफुन नव्हता म्हणून त्याच्या वाटची खेप वुकोमानच्या अंगावर आली. तापाचे आजारी इस्पितळात पोचवायचे होते. माणसं गाडीत आडवीतिडवी टाकलेली, कुणी बडबडणारी, कुणी गप्प. वुकोमान त्यांना काखेत हात घालून चढवायचा-उतरवायचा. तीन दिवस त्यानं तेच केलं, आणि रात्री त्यांच्याच कांबळ्यात झोपला.

त्रिफुन आला तो हसत आला. कोंडवाड्याला दार लावून आला होता. पिशवीतनं त्यानं दोन कडी काढली, गव्हाच्या पिठाची, नाताळात बैलाच्या शिंगात घालतात तसली.

"स्तामेनानं दिलीत. एक रुमेन्याला, एक शारोन्याला. आन् निरोप दिलाय." त्यानं घसा साफ केला. "म्या तिला म्हटलं, वुकोमान खुशीत हाय, कूमानं शेत नांगरून दिलं म्हणून. तर ती जरा गप्प राहिली. मग म्हणाली, त्याला सांग, गहू उगवलाय. बोटभर आलाय बर्फाखाली. काळजी करू नगं."

वुकोमान गाडीला टेकून उभा होता. त्याचे डोळे लाल दिसत होते. "बोटभर," तो म्हणाला. "ऐकलंस का, कूम?"

ओब्रेनच्या हातात कडं होतं. त्यानं ते घाईनं शारोन्याच्या शिंगात अडकवलं. ती बाई असं का बोलली? नांगर तिच्या शेतात शिरला नाही हे तिनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानं त्रिफुनला बाजूला घेऊन विचारलं, "तू शेत बघितलंस?" त्रिफुन म्हणाला, "सगळा बर्फच की रं. काय बघायचं?"

त्याच संध्याकाळी वुकोमानला हुडहुडी भरली. इस्पितळात जागा नव्हती. बाहेरच्या पडवीत पेंढ्यावर ओळीनं माणसं, त्यात शेवटची जागा मिळाली. ओब्रेन रोज खेपेनंतर तिथं जाऊन बसायचा. अकराव्या दिवशी वुकोमाननं त्याला ओळखलं.

"मार्चात कुळव हलक्या हातानं मार. कोवळं हाय."

"वुकोमान, मला एक सांगायचंय."

"आन् तुजा अर्धा वाटा हाय. म्या स्तामेनाला सांगितलं न्हाई अजून. तू सांग."

 मरणाऱ्याच्या हातात मेणबत्ती नसेल तर तो अंधारात वाट चुकतो, असं आमच्याकडं मानतात. मेणबत्ती कुठली आणायची? गाडीच्या कंदिलातला चरबीच्या वातीचं थोटूक त्यानं काढलं, पेटवलं, वुकोमानच्या बोटांत धरवलं आणि वरून आपली मूठ आवळली. चरबी वितळून दोघांच्या बोटांवरनं गळत होती. दुपार व्हायच्या आत वुकोमान गेला. त्या हाताला चटका बसला, त्याचं ओब्रेनला बरंच वाटलं.

मार्चात हुकूम आला. तिसऱ्या हाकेच्या माणसांनी वीस दिवस घरी जाऊन नांगर धरावा, नाहीतर सैन्यही उपाशी मरेल. ओब्रेन दोन्ही बैल घेऊन आला. पेर्सा अवघडली होती. खालच्या शेतात गहू हिरवागार, वीतभर. वरच्या पट्ट्यातही. म्हातारा त्यातून हात फिरवत चालत होता.

"उद्या ओढ्याकाठचा तुकडा धर, मक्याला," म्हातारा म्हणाला.

 सकाळी ओब्रेननं बैल जुंपले, नांगर टाकला आणि ओढा ओलांडला. म्हातारा मागून हाका मारत राहिला.

स्तामेना काळा रुमाल बांधून दारात लाकडं फोडत होती. वुकोमानची बातमी पाद्रीबुवांनी केव्हाच सांगितली होती, चाळिसाव्याचं अन्नही होऊन गेलं होतं. तिच्यामागं शेत पसरलं होतं. गेल्या सालची धसकटं तशीच, काळी पडलेली. एका कोपऱ्यात खाटेएवढा तुकडा कुदळीनं उकरलेला, त्यात चार हिरव्या रेघा.

"वहिनी, मला काही सांगायचंय."

"शेत माझ्या दारात हाय," ती म्हणाली. कुऱ्हाड तिनं खाली ठेवली नाही. "काय सांगणार हाईस?"

"त्यानं म्हटलं होतं, आधी तुमचं. म्या आधी माझं केलं. आन् त्याला खोटं सांगितलं."

"त्रिफुन बोलला तवाच कळलं."

"मग तू... उगवलंय म्हणून निरोप का दिलास?"

स्तामेनानं एक ढलपी उचलून बाजूला टाकली. "काय सांगू? पेरलं न्हाई म्हणून सांगू? तो त्याच दिशी पळून आला असता. पळालेल्याला गोळी घालतात. आन् तुम्ही दोघं एका जुवाला. तुमचं फाटलं तर उन्हाळ्यात म्या एका बैलाला काय करू? कुणाच्या दारात जाऊ?" तिचा आवाज चढला नाही. "म्या हिशेब केला. पोटाचा केला. मला वाटलं, कूम हाय, सोताच सांगंल त्याला, सोताच्या तोंडानं. त्यातनं तो हसत हसत शिव्या देईल आन् मिटंल. सांगितलंस?"

"न्हाई."

"शेवटपर्यंत न्हाई?"

"न्हाई. तो मरताना म्हणाला, गव्हातला अर्धा मला."

स्तामेना त्याच्याकडं बघत राहिली. मग खाली बसली, लाकडांच्या ढिगावरच, आणि काळ्या रुमालाचं टोक तोंडात कोंबून रडली. आवाज न करता, खांदे हलवत. ओब्रेन कासरा धरून उभा होता.  रडणं संपलं तसं तिनं तोंड पुसलं, धाकट्या पोरीला, कोसाला, हाक मारली आणि म्हणाली, "बैलांपुढं चाल."

तो नांगरायला लागला. गुडघे ठणकत होते तरी थांबला नाही. खालच्या कोपऱ्यात खडक आला, तिथं त्यानं फाळ उचलून घेतला.

सावडीला आलेला माणूस घरच्या पंगतीला, घरच्यांबरोबर जेवतो. अठरा वर्षं ओब्रेन या घरात तसाच जेवला होता, वुकोमानच्या उजव्या हाताला. दुपारी स्तामेना बाहेर आली. तिनं बांधावर एक फडकं अंथरलं, त्यावर मक्याची भाकरी, कांदा आणि घेवड्याची वाटी ठेवली, रोजंदारीवाल्याला ठेवतात तशी. मग कोसाचा हात धरून तिला आत घेऊन गेली आणि दार लोटून घेतलं.

दाराआड चमच्यांचा आवाज येत होता. ओढ्यापलीकडं म्हातारा ओरडत होता, की ओल चाललीय, तुकडा वाळतोय. ओब्रेन फडक्यापाशी बसला. भूक लागली होती, त्यानं सगळं खाल्लं. वाटी गवतानं पुसून ठेवली.

स्तामेना वाटी न्यायला आली. तिनं नांगरलेल्या तासांवरून नजर फिरवली. "उद्या वरचा भाग," ती म्हणाली. "परवा आमचा ओढ्याकडचा."

"परवा माझं मक्याचं..."

"परवा ओढ्याकडचा, ओब्रेन."

तिनं त्याला कूम म्हटलं नाही. यापुढं कधी म्हणणारही नाही, हे त्याला त्या क्षणी कळलं.

"बरं," तो म्हणाला, आणि उठून बैलांकडं गेला.